डोंगराने धरलेला चमचा

बोगद्यात शिरलं की आमच्या बाई आधी भिंतीवर टकटक करायच्या. हातोडीच्या दांड्याने दोनदा, शेजाऱ्याचं दार वाजवावं तशी. मग कान भिंतीजवळ नेऊन विचारायच्या, "आहेस ना रे?"

हे डोंगराला.

आता डोंगराशी बोलणं ही आमच्याकडे नवलाई नाही. तलासरीच्या पूर्वेला जे पाडे आहेत, तिथे नारळ दिल्याशिवाय कुणी डोंगराला कुदळ लावत नाही आणि नारळ देताना चार शब्द बोलावेच लागतात. पण बाई पडल्या इंजिनियर. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी मूर्ती, अंगात ढगळ पंजाबी ड्रेस, डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. कामावर त्यांच्या हुद्द्याचं काहीतरी लांबलचक नाव होतं, ते मी कधी पाठ केलं नाही. साहेबलोक त्यांना मॅडम म्हणत, पाड्यांवरची माणसं बाय म्हणत, आणि मी बाई म्हणायचो.

नवा माणूस कामावर आला की बाई त्याला गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "आत जायच्या आधी भिंतीवर टकटक कर आणि विचार, आहेस ना रे. आपल्याकडे पद्धत आहे." तो बिचारा परमुलखातला, पद्धत म्हणजे पद्धत. तोवर बाई पुढे जाऊन पंपाच्या गाडीमागे दडून बसलेल्या असायच्या. त्याने टकटक केली की अंधारातून घोगऱ्या आवाजात उत्तर यायचं, "कोण आहे रे? झोपू देत नाहीत मेले!" एक उंचापुरा ड्रिलवाला त्या आवाजाला असा पळाला की त्याचा एक गमबूट चिखलात रुतून राहिला. तो काढायलाही गडी परत जाईना. शेवटी मलाच आत जाऊन बूट उपसून आणावा लागला, कारण बूट स्टोअरचा होता आणि स्टोअर माझं होतं.

मी स्टोअरकीपर. आमची जात तुम्ही पाहिली असेलच. दिलेली वस्तू परत आली नाही की आम्हाला जेवण जात नाही. बाई बरोबर याच्या उलट. त्या कुणाचीही वस्तू कधीही उचलायच्या आणि कुठेही ठेवायच्या. त्यात त्यांनी खोली घेतली होती ती तलासरीत आमच्या घराच्या मागच्या अंगाला. म्हणजे कामावर त्या, घरीही त्या, सुटका नाहीच.

टकटक हा नुसता खेळ नव्हता, हेही सांगायला हवं. बोगदा खणत पुढे गेलं की मागोमाग भिंतीवर नळीने काँक्रीट फवारतात. ते खडकाला नीट चिकटलं असेल तर ठण् वाजतं, मागे पोकळी असेल तर भद्द. बाईंना तो फरक चालता चालता कळायचा. "इथे पोटात वारा धरलाय याने," असं म्हणून त्या खडूने फुली मारायच्या आणि पुढे जायच्या. तिथे फोडून पाहिलं की पोकळी निघायचीच.

त्यांचं दुसरं पालुपद होतं, "दबू दे थोडं." ते त्या कशालाही लावायच्या. माझी आणि बायकोची जुंपली की मागच्या खिडकीतून आवाज यायचा, "वहिनी, दबू दे थोडं, मग बोला." चहात खारी बुडवून लगेच उचलणाऱ्याला सांगायच्या, "दबू दे थोडं." मोठे साहेब मुंबईहून फोनवर ओरडत असले की फोन टेबलावर उपडा ठेवायच्या आणि आमच्याकडे बघून ओठांनीच म्हणायच्या, दबू दे थोडं. थोड्या वेळाने फोन उचलून म्हणायच्या, "हां साहेब, अगदी बरोबर आहे तुमचं." काय बरोबर होतं ते दोघांनाही ठाऊक नसायचं.

पण हे वाक्य मूळचं डोंगराचं होतं.

आमचा बोगदा पाण्याचा. डोंगराच्या पलीकडून पाणी अलीकडे आणायचं, त्यासाठी डोंगराच्या पार तळातून खणत यायचं. सुरुवातीचा भाग काळ्या दगडाचा, त्याने काही त्रास दिला नाही. मध्ये मात्र एका जागी दोन काळ्या थरांच्या बेचक्यात लाल, कुजका, हाताने चुरावा असा थर लागला. कामगारांनी त्याचं नाव पाडलं लाल्या. लाल्या दिसायला गरीब, पण डोक्यावर अख्खा डोंगर, त्यामुळे खणलं की तो चारी बाजूंनी हळूहळू आत सरकायचा. डोळ्याला दिसायचं नाही, मोजलं की कळायचं.

एकदा मुंबईहून कॉलेजची मुलं बोगदा बघायला आली होती. बाईंनी त्यांना भाषण दिलं नाही. डहाणूच्या बागेतले अती पिकलेले चिकू मागवले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवला. "हा आपला लाल्या. याला बोटाने आरपार भोक पाडा आणि भोक उघडं ठेवून दाखवा." मुलांचे हात कोपरापर्यंत बरबटले, भोक काही कुणाचं टिकलं नाही. बाई म्हणाल्या, "झालं, तुमचा अभ्यास संपला. आता खा." एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग आतून मजबूत लायनिंग लगेच का नाही घालायचं?" बाईंचा चेहरा खुलला. आवडीचा प्रश्न आला की त्या विचारणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालायच्या, तसा तिलाही घातला.

त्या मुलीचा प्रश्न मोठ्या साहेबांचाही होता. आणि लक्षीचाही.

लक्षी ही आमच्या प्लास्टरवाल्या बायकांची मुकादम. जवळच्याच पाड्यावरची, बोलायला फटकळ आणि हाताला साफ. तिचा नवरा जान्या आधी बोगद्यात आतल्या टोकाला काम करायचा. बाई कामावर यायच्या आधी लाल्याच्या सुरुवातीच्या तुकड्यात घाई करून लायनिंग, म्हणजे काँक्रीटचं जाड, कडक अस्तर, लगेच ओतलं होतं. डोंगर सरकतच होता, लायनिंग त्याला जागा देईना. मग काय व्हायचं ते झालं. लायनिंगला चिरा पडल्या आणि एक दिवस चिरेजवळची भलीमोठी खपली सुटून जान्याच्या खांद्यावर आली. जीव वाचला, हाड सांधलं, पण मन सांधलं नाही. जान्या पुन्हा आत पाऊल टाकेना. त्याला बोगद्याच्या तोंडाशी वॉचमन म्हणून बसवलं. आत कुणी हाक मारली तरी तो जागचा उठायचा नाही, नुसता आत बघत राहायचा. लक्षी एकटी आत जायची आणि संध्याकाळी बाहेर आली की तो तिला आपादमस्तक न्याहाळायचा.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याच्या शेजारी दगडावर बसकण मारून त्याला सांगितलं, "जान्या, या लाल्यातून तुला मी माझ्याबरोबर चालवत नेईन. तू आपणहून येशील."

जान्या म्हणाला, "नाय बाय. तो चावतो."

"चावतो ना? मग त्याला चावायला काहीतरी देऊ या."

बाईंनी दिल्या त्या फटी. उरलेल्या लाल्यात भिंतींवर काँक्रीट फवारताना त्यांनी दोन्ही अंगांना, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, लांबच लांब आडव्या फटी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. चार बोटं शिरतील एवढ्या. बाईंचं म्हणणं एवढंच, की डोंगर सरकला की आधी फटी मिटतील, काँक्रीट फुटणार नाही. सरकून सरकून त्याचा जोर ओसरला की मग आतून पक्कं लायनिंग ओतायचं. तोवर डोंगर खिळवून धरायला लांब सळ्या होत्याच आणि मोजायला यंत्रंही होती. "सोडायचं," बाई म्हणायच्या, "पण डोळा ठेवून सोडायचं. वयात आलेल्या पोरासारखं."

मोठ्या साहेबांना ते पटेना. साहेब वाईट नव्हते हो. त्यांनी पूर्वी कुठेतरी डोंगर सरकताना पाहिला होता आणि तेव्हापासून सरकणं हा शब्दच त्यांना सहन व्हायचा नाही. "मॅडम, हलणाऱ्या डोंगराखाली मी माणसं ठेवणार नाही. मी महालक्ष्मीच्या जत्रेच्या आधी येतोय. फटी बंद दिसल्या नाहीत तर लगेच लायनिंग ओतायचं आणि तुम्ही दुसरीकडे जायचं." बाई म्हणाल्या, "बंदच होणार आहेत साहेब. डोंगर करतोय." साहेबांनी फोन ठेवला.

आता चमच्याकडे येतो.

बाई दुपारी सगळ्यांच्या डब्यांतून जेवायच्या. स्वतःचा डबा आणायच्या नाहीत. एका दुपारी त्यांनी माझी डाळ खाऊन संपवली आणि माझा चमचा धुऊन खिशात टाकला. तो माझ्या बायकोच्या माहेरच्या सहा चमच्यांच्या सेटमधला, दांड्यावर द्राक्षांचा घोस असलेला.

"बाई, चमचा."

"लागतोय मला. देते परत."

"कधी?"

"डोंगराने सोडला की."

लाल्यातल्या फटीत त्यांनी तो चमचा सुतळीने टांगला, अशा बेताने की चमच्याची रुंद बाजू फटीच्या दोन ओठांमध्ये आडवी यावी. सुरुवातीला हलवला की खुळखुळ वाजायचा. रोज सकाळी जाता येता प्रत्येक जण तो वाजवायचा, देवळातली घंटा वाजवावी तसा. यंत्रावरचे आकडे साहेबांना, आणि चमचा बाकी सगळ्यांना, अशी वाटणी होती. हळूहळू खुळखुळ बारीक झाली. डोंगर चमच्याकडे निघाला होता. लक्षी रोज घरी जाताना जान्याला सांगायची, आज एवढा हलला, आज तेवढा हलला. जान्याही बसल्या जागेवरून विचारायला लागला, "चमचा काय बोलतो?"

घरी माझी बायकोही विचारायची, पण वेगळ्या सुरात.

मग चैत्र उजाडला. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा तोंडावर आली. आमच्याकडे जत्रेआधी घरोघर लिंपण चालतं. भिंतींच्या भेगा माती-शेणाने बुजवायच्या, वर हात फिरवायचा, पाहुणा यायच्या आत घर कसं गुळगुळीत दिसलं पाहिजे. चिरा दाखवून पाहुण्याला घरात घेणं म्हणजे घरच्या बाईची नाचक्की. साहेब नेमके त्याच दिवसांत यायचे होते. ज्या दिवशी यायचे त्या सकाळी मी स्टोअरमध्ये बल्ब मोजत बसलो होतो, तर लक्षी दारात उभी. नवं लुगडं, कोपरापर्यंत सिमेंट, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"घ्या भाऊ, तुमचा चमचा."

राखेने घासून लखलखीत केला होता. मी खरंच हरखलो. सेट पुरा झाला, बायकोचं तोंड बंद झालं, एवढंच आधी डोक्यात आलं. मग विचारलं, "अगं पण बाईंनी दिला?"

"बायला अजून माहीत नाय. आता त्याला जागाच नाय राहिली. आमी साऱ्या फटी बुजवल्या. सकाळपासून दहा हात लागले. साहेब येतो, बायची लाज जायची होती. आता बोल म्हणावं त्याला!"

माझ्या हातातला बल्ब खाली पडला. फुटला. स्टोअरकीपरच्या हातून बल्ब फुटला यावरून काय ते समजा.

मी चमचा मुठीत धरून पळत सुटलो. तोंडाशी जान्या म्हणाला, "गेले आत. साहेब, बाय, सारेच." मी लाल्यापाशी पोचलो तेव्हा साहेब भिंतीवरून हात फिरवत होते. फटी गायब. लक्षीच्या बायकांनी सिमेंटचा गिलावा इतका सुरेख मारला होता की माझ्या नव्या घरालाही कुणी तसा मारला नव्हता. वर चुन्याचा हात आणि चुन्यावर बोटाने काढलेली ठिपक्यांची एक ओळ, शोभेला.

"व्वा," साहेब म्हणाले. "मॅडम, मला हेच हवं होतं. तुम्ही ऐकलंत. आता लायनिंगचं काम पण तुमच्याच हाताखाली होईल. तुम्ही इथेच राहा."

बाईंना राहायचं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मुठीतला चमचा बघितला आणि पाठीमागे उभ्या असलेल्या लक्षीकडे बघितलं. लक्षी लाजून हसत होती. बाईंनी हातोडीच्या दांड्याने भिंतीवर दोनदा वाजवलं.

"आहेस ना रे?" मग त्याच आवाजात, "अरेरे. तोंड बांधलं रे तुझं."

"म्हणजे?" साहेब.

"साहेब, काम फार छान झालंय. फक्त चुकलंय. माझंच चुकलं, मी यांना म्हटलं होतं, साहेब येणार आहेत, जरा नीटनेटकं करा. नीटनेटकं म्हणजे काय हे नाही सांगितलं." खरं तर बाईंनी लक्षीला असं काहीच सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, लक्षीलाही माहीत होतं. "गिलावा अजून ओला आहे. उद्यापर्यंत दगड होईल. तेव्हा हे आत्ता फोडावं लागेल."

"फोडलंत, तर मी सांगितलेलंच होईल. तुम्हाला जावं लागेल, मॅडम."

"जाईन की. आधी फोडते."

साहेबांचा चेहरा लाल्याच्या रंगाचा झाला. पण माझं लक्ष लक्षीकडे होतं. तिचं हसू उतरलं, मग डोळे भरले, आणि मग ती जी कडाडली! "अगं बाय, तुझ्यासाठी केला ना आमी! हात मोडले आमचे! चीर ठेवायची म्हणते! चिरेनीच माझ्या माणसाचा खांदा खाल्ला, तुला माहीत नाय?"

दुसरा कुणी असता तर समजावत बसला असता. बाईंनी तिचा हात धरला. लक्षीच्या मनगटात जत्रेसाठी भरलेल्या नव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि त्यांच्या मागे चांदीचं जुनं कडं, तोंड उघडं असलेलं, आमच्याकडच्या बायका घालतात तसं.

"हे कडं दाब."

लक्षीने फणकाऱ्याने दाबलं. उघडी टोकं जवळ आली.

"आता ती बांगडी दाब. तेवढ्याच जोराने."

"येडी का तू? फुटंल ना! हातात घुसंल."

"का फुटेल?"

"तिला तोंड कुठं..." लक्षी थांबली. कड्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझ्या माणसावर पडली ती बांगडी होती?"

"बांगडी होती."

लक्षीने पदर खोचला. छिन्नी माझ्याकडे मागायचीही वाट न बघता एका गड्याच्या हातातून ओढून घेतली आणि पहिला घाव तिनेच घातला, बरोबर ठिपक्यांच्या ओळीवर. मग बाकीच्या बायका. त्या सगळ्या डोंगराला, साहेबाला, बाईंना आणि अधूनमधून मलाही शिव्या देत होत्या. मी काय केलं होतं कुणास ठाऊक. ओल्या सिमेंटचे गोळे गमबुटांवर पडत होते आणि साहेब मुकाट्याने मागे सरत होते. फटी उघडल्या तशा बाईंनी हात पुढे केला. "भाऊ, चमचा."

मी दिला. कसा दिला ते माझं मला माहीत.

साहेब निघाले तेव्हा बाईंनी त्यांच्या गाडीत मागच्या सीटखाली एक पुडकं ठेवलं. झाईच्या किनाऱ्यावरचे सुके बोंबील, चांगले वजनदार, एका पातळ कागदात. "घरच्यांसाठी," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "साहेबांना आत्ता सांगू नका, संकोच करतील." उन्हाळा, बंद काचा आणि हायवेवरचा ट्रॅफिक. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

बदलीचा हुकूम आलाच. उत्तरेकडे, हिमालयात, दुसऱ्या एका बोगद्यावर. महिनाअखेर जायचं होतं. तोपर्यंत नवा माणूस येणार नव्हता, त्यामुळे लायनिंगही थांबलं. म्हणजे बाईंकडे थोडे दिवस उरले, आणि डोंगराकडेही तेवढेच.

त्या दिवसांत आम्ही कुणी धड जेवलो नाही. चमचा रोज कमी वाजायचा. मग एके सकाळी वाजेचना. बाईंनी सुतळी कापली, चमचा पडला नाही. डोंगराने धरला होता. लक्षी नाचायलाच लागली. बाई म्हणाल्या, "थांब. धरणं सोपं असतं. आता तो दाबतच राहतो की थांबतो ते बघायचं." चमचा वाकायला लागला. द्राक्षांचा घोस एका अंगाला कलला. मी रोज जाऊन बघायचो आणि आतून कळवळायचो, कधी डोंगरासाठी, कधी घोसासाठी. आणि मग चमचा होता तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तसाच. त्यानंतरही तसाच. यंत्रंही तेच म्हणत होती. फवारलेल्या काँक्रीटवर एक चीर नव्हती.

साहेब आले. बोंबलांबद्दल ते आधी चकार शब्द बोलले नाहीत. आकडे वाचले, भिंती पाहिल्या आणि मग चमचा धरून ओढला. निघेना. दोन्ही हातांनी ओढला. शेवटी भिंतीला एक पाय लावून ओढला, हेल्मेट मागे सरकलं, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघत उभे राहिलो. बाई म्हणाल्या, "साहेब, दबू दे थोडं."

साहेब हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "लायनिंग ओता आता. मॅडम, तुमची बदली रद्द करायचा प्रयत्न करतो."

"नको. तिकडच्यांनी घाईघाईत ओतायला घेतलंय असं कळतंय. जाते."

"बरं. आणि ते बोंबील..."

"आवडले?"

"गाडी अजून धुतोय. मिसेस विचारत होत्या, अजून मिळतील का."

जायच्या दिवशी बाई बोगद्याच्या तोंडाशी जान्याजवळ गेल्या. हात पुढे केला. जान्या उठला. माझी खात्री होती, आता जातो आत. दोन पावलं टाकली, सावली संपते तिथपर्यंत, आणि थांबला. मान हलवली. बाईंनी त्याला ओढलं नाही. त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हलकेच थाप मारून म्हणाल्या, "दबू दे थोडं. तू येशील." आणि बसस्टॉपकडे निघाल्या. हायवेच्या बसमध्ये चढताना मी शेवटचा प्रयत्न केला.

"बाई, माझा चमचा?"

"सांगितलं ना, डोंगराने सोडला की!"

मला त्यांची फार आठवण येते. कामावरची माणसं काम संपलं की पांगतात, हे मला कळतं, आयुष्यभर तेच पाहिलंय. तरी मागची खोली आम्ही अजून भाड्याने दिलेली नाही. सुरुवातीला त्यांचे फोन यायचे, तिथल्या बर्फाचे फोटो यायचे. मग त्या कुठल्यातरी आणखी आतल्या खोऱ्यात गेल्या, तिथे रेंज नाही म्हणतात. नवरा-बायकोचं भांडण झालं की आम्ही दोघंही सवयीने खिडकीकडे बघतो.

लायनिंग ओतलं तेव्हा मी तिथे होतो. साचा उभा करणाऱ्यांना जरा थांबा म्हणालो आणि चमचा एकदा ओढून पाहिला. नाही सुटला. मग काँक्रीट त्याच्यावर चढलं. साचा काढल्यावर भिंत एकसारखी, राखाडी, थंड. लक्षी नख लावून चीर शोधत चालत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला सापडली नाही.

पाणी सोडायच्या आधी सगळं सामान बाहेर काढायचं होतं. एकदा पाणी आलं की मग तिथे कुणी जाणार नाही. दिवे, वायरी, पंपाची गाडी, सगळं माझ्या नावावर. लक्षीच्या बायका पुढे तळ झाडत होत्या. मी बॅटरी घेऊन लाल्याच्या जागेपाशी आलो. जागा मला डोळे मिटूनही सापडली असती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून बोटांच्या पेरांनी भिंतीवर दोनदा वाजवलं. ठण् वाजली. कान लावला.

"आहेस ना रे?" मी विचारलं.

अर्थातच शांतता. पन्नाशीला आलेला स्टोअरकीपर भिंतीला कान लावून उभा, आणि डोळ्यांत पाणी. मी स्वतःवरच चिडलो आणि वळलो.

तेवढ्यात अंधारातून घोगरा आवाज आला, "हाय रे! पण चमचा नाय मिळायचा!"

बॅटरी माझ्या हातून पडली. एक गमबूट चिखलात रुतला. पंपाच्या गाडीमागून एक माणूस पोट धरून हसत बाहेर आला. बोगद्यात इतक्या आत, लाल्याच्या बरोबर मधोमध, एका हाताने दुखरा खांदा चोळत जान्या उभा होता.

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, आज मागितला होता चमचा, तो नाही म्हणाला.